पोस्टात न पडलेली पत्रं

आमच्या चिरंजीवांची दहावीची प्रिलिम संपली तेव्हाची गोष्ट. तपासून आलेला मराठीचा पेपर टेबलावर पडला होता, तो मी चहा पिता पिता चाळला. पत्रलेखनात त्यानं एका रोपवाटिकेला मागणीपत्र लिहिलं होतं. शाळेच्या वृक्षारोपणासाठी पन्नास वड, पन्नास पिंपळ आणि पंचवीस कडुलिंब पाठवावेत, शाळांना सवलत असल्याचं आपल्या जाहिरातीत वाचलं, ती मिळावी, सोबत बिल जोडावं. खाली 'आपला कृपाभिलाषी, अ. ब. क., विद्यार्थी प्रतिनिधी'. मायना नीट, समास नीट, अक्षर तर बापाहून चांगलं. बाईंनी अर्धाच गुण कापला होता.

"पन्नास वड लावणार कुठे रे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"तुमच्या मैदानात तीन वड लावले तरी खो-खोला जागा उरणार नाही."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आई, ते पत्र आहे."

हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात. सगळी पत्रं लिहितात. आयुक्तांना पाणीटंचाईबद्दल, पुस्तकविक्रेत्याला पुस्तकांबद्दल, धाकट्या भावाला व्यायामाच्या महत्त्वाबद्दल. त्यातलं एकही पोस्टात पडत नाही. पडणार नाही हे मुलांना ठाऊक असतं, बाईंना ठाऊक असतं, रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाला तर आपण अस्तित्वातच नाही हे ठाऊक असणार. वर्षानुवर्षं हे केल्यावर पोरांची एक समजूत पक्की होते: लिहिलेलं कुणाला पोचत नसतं, ते तपासलं जातं.

मी बँकेत आहे. सत्तावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी काउंटरवर गेली. लग्नाकार्यात हे कळलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "हल्लीच्या पोरांना पंच्याण्णव टक्के पडतात, पण साधी पैसे भरायची स्लिप भरता येत नाही हो. शाळेत नको का हे शिकवायला?" मी हसून मान हलवते आणि जिलबी घेते. खरं सांगायचं तर स्लिप न येण्याचं मला काही वाटत नाही. ती शिकायला तीन मिनिटं लागतात, आणि ही पोरं कमावती होईपर्यंत स्लिप शिल्लक तरी राहील की नाही कोण जाणे. आयकर, विमा आणि भाडेकरार नववीच्या पुस्तकात घातले की काय होईल तेही मला दिसतं. 'भाडेकराराची चार वैशिष्ट्ये लिहा.' गाईडात पाच असतील, कोणती चार लिहायची यावर व्हॉट्सॲपच्या पालकगटात रात्री अकरापर्यंत चर्चा होईल.

मला अस्वस्थ करतं ते वेगळंच.

आमच्या कागदोपत्री अठराच्या आतल्या खातेदाराला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण झाली की तो 'सज्ञान' होतो. कायदा १८७५ चा, शब्दही त्याच जमान्यातले. वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता अज्ञान फिटतं. मग मुलानं शाखेत यायचं, केवायसीचे कागद नव्यानं द्यायचे आणि आमच्यासमोर सही करायची. तोवर खातं आईबाप चालवत असतात. तसं बघितलं तर रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवायची मुभा दिलेली आहे. माझ्या शाखेत अशी खाती एका हाताच्या बोटांवर मोजावीत. आईबापांना ते नको असतं. मी स्वतः बँकेत असून माझ्या मुलाचं उघडलं नाही, हेही इथंच सांगून टाकते.

तर असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. मिसरूड फुटलेलं, उंची बापाच्या वर चार बोटं. मी नमुना सहीचं कार्ड पुढे सरकवलं. त्यानं पेन घेतलं आणि थांबला.

"कुठली सही करू?" त्यानं वडिलांना विचारलं.

"कुठली म्हणजे? तुझी."

"हॉल तिकिटावर करतो ती चालेल?"

मागं रांग होती, म्हणून कुणी हसलं नाही. पण मला तो प्रश्न फार खरा वाटला. अठरा वर्षांत त्याच्या सहीवर काहीही ठरलेलं नव्हतं. हजेरीपट आणि हॉल तिकीट, म्हणजे 'मी आलोय' एवढंच सांगणारी सही. 'मी घेतलं', 'मी दिलं', 'मी जबाबदार' असं सांगणारी सही त्याच्याकडे कुणी मागितलीच नव्हती. त्यानं शेवटी प्रगतिपुस्तकावर नाव लिहावं तसं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट.

माझ्या शाळेत विद्यार्थी भांडार होतं. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नव्वद साली माझी दहावी. जिन्याखालच्या खोलीत एक कपाट. त्यात वह्या, पेन्सिली, कंपास, नकाशांचे कागद, शाईच्या पुड्या. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं दुकान उघडायचं आणि ते चालवायचं नववीच्या दोघांनी. एकानं माल द्यायचा, एकानं वही लिहायची. वही माझ्याकडे होती. सर महिनाअखेरीला गल्ला मोजायचे.

एका महिन्यात सात रुपये चाळीस पैसे कमी भरले. सर ओरडले नाहीत. "वही बघ, सापडेल," म्हणाले आणि कुलूप लावून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. आईला सांगायची सोय नव्हती, कारण तिनं लगेच पैसे काढून दिले असते आणि मग मी चोरले असं ठरलं असतं, असं माझं गणित. चौथ्या दिवशी सापडलं: आठवीतल्या एकीला कंपास उधार दिला होता आणि उधारीच्या पानावर चढवला नव्हता. तिच्याकडून पैसे वसूल करायला मला आणखी आठवडा लागला. ती माझ्याहून दांडगी होती.

त्या वर्षी नववीत मी जे शिकले त्यातलं लसावि-मसावि सोडता फारसं आठवत नाही. पण रोख कमी भरली की पोटात जो खड्डा पडतो तो काउंटरवरच्या पहिल्या दिवसापासून मला ओळखीचा होता. आमच्यात कॅश कमी आली तर कॅशियरनं खिशातून भरायची असते, आणि कुलूप लावून निघून जाणारे साहेब इथेही असतात.

पुढे कधीतरी मी चौकशी केली. भांडार बंद झालं होतं. हिशोबाची कटकट, पोरांच्या हाती पैसे द्यायची जोखीम, पालकांच्या तक्रारी. बंद करणाऱ्यांचं चुकलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. जिन्याखालच्या खोलीत आता बंद पडलेले संगणक असतात.

माझे आजोबा सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन अठराव्या वर्षी प्राथमिक शाळेत मास्तर झाले. परीक्षेच्या पलीकडे लगेच चाळीस पोरं बसलेली होती. चुलत आजोबा रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्था काढली, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असं ठरवलं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र मुलांच्या धान्यासाठी गेलं, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात पोरांना अंगाईसारखी ऐकवतात. ती इतक्यांदा ऐकली की तिच्यातली धग जाते. चुलत आजोबा मात्र मंगळसूत्राचं सांगायचे नाहीत. ते भाकरीचं सांगायचे. "आठवड्यातले दोन दिवस पिठाची पाळी माझी. मी उठलो नाही तर साठ पोरं उपाशी." पंच्याऐंशीच्या वयातही ते हे सांगताना किंचित ताठ बसायचे. शाळेत त्यांना इतिहासात किती पडले, गणितात किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

मला वाटतं, सगळं या 'मी उठलो नाही तर' मध्ये आहे. तेरा ते अठरा या वयात पोराला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे कळावं लागतं. आमच्या हायस्कुलात कुणाचंच काही अडत नाही. गृहपाठ केला नाही तर त्याचंच नुकसान. केला तर त्याचाच फायदा. पाच-सहा वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त स्वतःचं भलं करत बसायचं, आणि मग एकदम म्हणायचं, आजची पिढी आपमतलबी आहे.

हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. कोठारी आयोगानं साठच्या दशकातच कार्यानुभव हवा म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातच्या कामातून शिक्षण, मांडली होती. कार्यानुभव आमच्या वाट्याला आला तो फिनेल, खडू आणि मेणबत्त्यांच्या रूपात. त्यातही खडू केला नाहीच, 'खडू तयार करणे: साहित्य, कृती, दक्षता' असं जर्नल लिहिलं, तेही आदल्या वर्षीच्या मुलीचं बघून. फळ्यावर वापरायचे खडू बाजारातून यायचे. आम्ही केलेल्या खडूनं एकदा जरी फळा लिहिला गेला असता आणि तो मधेच मोडून सर वैतागले असते, तरी सगळं वेगळं झालं असतं.

पाबळचं विज्ञान आश्रमाचं काम मला म्हणूनच आवडतं. शिरूर तालुक्यातलं हे गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथं सुरुवात केली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं: वेल्डिंग, वायरिंग, शेती, खाद्यपदार्थ, आरोग्याच्या साध्या तपासण्या. बोर्डानंही तो विषय मानला, आणि बऱ्याच शाळांत तो पोचला. त्यातली खरी गोम अशी की पोरांनी गावाला सेवा द्यायची असते. फाटकाला वेल्डिंग केलं तर ते फाटक कुणाचं तरी असतं. नीट झालं नाही तर म्हैस बाहेर जाते आणि म्हशीचा मालक शाळेत येतो. एवढी उत्तम मूल्यमापन पद्धत शिक्षण खात्याला सुचणं अवघड आहे.

उलट बाजूला आमची शहरं. पूर्वी अकरावीला मॅट्रिक संपायची, १९७५ पासून दहावी आली, मग बारावी, मग सीईटी-नीट, मग पदवी, मग सदाशिव पेठेतली अभ्यासिका. एमपीएससीला खुल्या गटात वयाची अट अडतीस आहे. अभ्यासिकेत महिना भाडं भरून, डबा लावून, तिशी ओलांडलेला माणूस अजून 'तयारी करतोय'. माझ्या शाखेत त्यांची खाती आहेत. दर महिन्याला गावाहून पैसे येतात आणि काढले जातात, बाकी नोंद नाही. त्यांच्या कष्टाला मी नावं ठेवत नाही. पण हायस्कूल जिथं संपायला हवं होतं तिथं ते संपलं नाही एवढं मात्र पासबुकात दिसतं.

इथपर्यंतचा माझा विचार पक्का होता. घरी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत मी तो ठासून मांडत असे. मग आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलीनं मला जरा थांबवलं.

२०२४ चा जुलै. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते, महिना दीड हजार मिळणार होते आणि बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंची मुलगी तेव्हा नववीत. एका संध्याकाळी ती आईबरोबर आमच्याकडे आली आणि भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान उघडून म्हणाली, "काकू, एक विचारू? आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकात सासरचं, तर अर्जात कुठलं लिहायचं?"

मी पान बघितलं. पट्टीनं आखलेले रकाने. नाव. आधारवरचं नाव. पासबुकातलं नाव. मोबाईल कुणाचा. ओटीपी आला का. खातं आधारला जोडलंय का. चौदा बायकांची नावं होती, वस्तीतली पूर्ण गल्ली. मोबाईलच्या रकान्यात एका ठिकाणी 'नवरा, साईटवर, रात्री ८ नंतर' असं लिहिलेलं होतं. आमच्या शाखेत त्या महिन्यात जे काम चाललं होतं ते या पोरीनं भूगोलाच्या वहीत जास्त नीट केलं होतं.

"पैसे घेतेस का?" मी विचारलं.

"नाही. एक मावशी वडापाव देते."

चौदातला एक अर्ज नामंजूर झाला. नावात फरक निघाला होता. त्या बाईंनी हिच्याशी बोलणं सोडलं. नळावर समोर आल्या की तोंड फिरवायच्या. त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली: जलसुरक्षेची प्रकल्पवही अपूर्ण, पालकांनी येऊन भेटावे. त्यांच्या वस्तीत पाणी पहाटे चारला येतं आणि भरायचं काम हिचं असतं. पालकांनी म्हणजे ताईंनी, आणि ताईंना चार घरची कामं. चिठ्ठी वाचूनही हिनंच दाखवली.

मला आयताच दाखला मिळाला होता. मी मोठ्या आवेशात म्हटलं, "अगं, त्या वहीत काय आहे? खरं शिक्षण तर तुझं इथं चाललंय. शाळेपेक्षा जास्त."

तिनं मान हलवली. "नाही काकू, मला शाळा आवडते."

"का गं?"

"तिथं माझं चुकलं तर लाल शेरा मलाच मिळतो. दुसऱ्या कुणाचं काही जात नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. सात रुपये चाळीस पैशांचा खड्डा मी तीन दिवस बाळगला होता, आणि नंतर पस्तीस वर्षं त्याचं कौतुक केलं होतं. ही पोर रोज चौदा बायकांचे दीड-दीड हजार बाळगून झोपत होती. बीडकडच्या मुली आठवल्या: दिवाळीनंतर आईबापाचा कोयता ऊसतोडीला कारखान्यावर गेला की मागं म्हातारी, धाकटी भावंडं आणि चूल तेरा-चौदाच्या मुलीच्या गळ्यात. त्यातल्या कितीकींची लग्नंच उरकून टाकतात. त्यांना जबाबदारी शिकवायला पाबळची गरज नाही. त्यांना चार तास बाकावर बसून, खिडकीबाहेर बघत, चुकीचं उत्तर देऊन हसू द्यायची गरज आहे. माझं सुंदर म्हणणं त्यांच्यासमोर मांडून बघितलं तर त्या म्हणतील, ताई, तुम्ही या इकडं, आम्ही जातो तुमच्या मुलाच्या शाळेत.

एकच शाळा, एकच पुस्तक, एकाच वेळापत्रकात ती माझ्या मुलालाही बसवते आणि या मुलीलाही. त्याच्यावर ती काहीच टाकत नाही, आणि हिच्यावर काय आधीच टाकलंय ते विचारत नाही. यावर उपाय काय हे मला माहीत असतं तर मी बँकेत नसते.

घरापुरता एक प्रयोग केला. दहावी झाल्यावर मुलाला म्हटलं, आजीच्या गोळ्यांची डबी दर रविवारी तू भरायची. सात वार, सकाळ-संध्याकाळ, चौदा कप्पे. कुरकुरला, पण भरतो. पहिल्या महिन्यात एकदा रक्तदाबाची गोळी दोन्ही वेळच्या कप्प्यांत गेली. आजीनं पकडलं, आरडाओरडा न करता त्याला बोलावून दाखवलं. तेव्हापासून तो गोळ्यांची नावं मोठ्यानं वाचत भरतो. मला बरं वाटत होतं, आणि मग एका रविवारी रात्री पाणी प्यायला उठले तर नवरा स्वयंपाकघरात दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात, ती डबी उघडून एकेक कप्पा तपासत होता. दर रविवारी तपासतो म्हणे. मी काय बोलणार? मीही मधेमधे बघतेच.

त्याच २०२४ च्या ऑगस्टमधला एक दिवस राहिला सांगायचा. शाखेत आधार जोडणीची रांग पार पार्किंगपर्यंत गेली होती. ताई आणि त्यांची मुलगी साडेअकराला माझ्या टेबलापाशी पोचल्या. मुलगी शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर. संमतीचा फॉर्म तिनं भरून आणला होता, ताईंची सही घेतली होती, खाडाखोड नव्हती. मी तो ट्रेमध्ये टाकला. ती हलली नाही.

"पोच मिळेल का?"

"सिस्टिममध्ये नोंद होते गं."

"तरी शिक्का मारून द्या ना, काकू. त्या मावशींच्या वेळी घेतली नव्हती."

मी शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. मग विचारलं, "शाळा?"

"अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलीये. अर्ज दिलाय."

"कुणी लिहिला?"

"मीच. आईची सही आहे."

दप्तरातून तिनं अर्ज काढून दाखवला. मा. वर्गशिक्षिका यांस, विषय, महोदया, बँकेच्या महत्त्वाच्या कामाकरिता. बाईंनी वर 'मंजूर' लिहून सही केली होती. खाली 'विनंति'तल्या 'ति'ला लाल गोल केला होता, शेजारी 'ती' लिहिलं होतं, आणि त्याखाली: शुद्ध लिहून पुन्हा आणणे.

ताई बाकावर टेकल्या. मुलगी पैसे भरायच्या टेबलाशी गेली, तिथल्या दोरीला बांधलेल्या पेननं एका कोऱ्या कागदावर मायना लिहायला लागली. दोरी आखूड आहे, त्यामुळे कागद तिरका धरावा लागतो.